वहिनीच्या हातातून

वर्ध्याच्या एका दवाखान्यात मी फिजिओथेरपीचं काम करते. पाठीचा कणा मोडलेली माणसं माझ्याकडे येतात आणि बहुतेक जण पहिल्या दिवशी एकच गोष्ट विचारतात, मी चालेन का? मोनालीनं ते विचारलं नाही. मी दिलेला व्यायामाचा कागद तिनं नीट उलटून पालटून पाहिला आणि विचारलं, "मॅडम, हे बाई कोण आहे?"

कागदावर एक गोरी बाई होती. सायकलसारखी हलकी चाकाची खुर्ची, मागे आरशांची भिंत, दोन्ही हातांत चकचकीत डंबेल्स आणि तोंडभर हसू. असे कागद आमच्याकडे गठ्ठ्यानं पडलेले असत. मी म्हटलं, कोणी नाही, चित्र आहे, व्यायाम बघ.

"इच्या घरात संडास अशीन," मोनाली म्हणाली. "इले उचलाले कोणी लागत नसन. म्हणून हासून राह्यली." मग तिनं त्या कागदाची चौपट घडी घातली आणि सोबत आलेल्या भावाला सांगून माझ्या हलणाऱ्या स्टुलाच्या पायाखाली सारली. स्टूल हलायचं थांबलं. मला राग आला होता, आणि तो मी लपवलाही नाही. ही २०२२ च्या जानेवारीतली गोष्ट.

ती वर्ध्याजवळच्या आंजीची, मोठ्या आंजीची. त्या दिवशी आली होती ती बसायच्या हाडावर पडलेल्या जखमेसाठी. कमरेखाली जाणीव नसलेला माणूस तासन्‌तास एकाच जागी बसला की कातडी आतून सडते आणि त्याला कळतही नाही. जखमेत माझं अर्धं बोट जात होतं. मी तिला सांगितलं की दर पंधरा-वीस मिनिटांनी दोन्ही हातांवर जोर देऊन बूड खुर्चीवरून उचलायचं आणि तीस आकडे मोजायचे. करून दाखव म्हटलं. तिनं हात टेकले, दात आवळले. बूड उचललंच नाही. वय सत्तावीस, आणि दंड म्हाताऱ्या बाईसारखे लोंबत होते.

सहा वर्षांपूर्वी, बी.ए.च्या दुसऱ्या वर्षाला असताना, ती कापसानं भरलेल्या ट्रॉलीवर बसून शेतातून गावाकडे येत होती. ट्रॉलीचं चाक नालीत गेलं आणि ती वरून पुलाच्या कठड्यावर पाठीवर पडली. आई आधीच वारलेली. वडील रामाजी त्या धक्क्यानंतर दोन वर्षांत गेले. घरात उरले मोठा भाऊ धम्मदीप, त्याची बायको पौर्णिमा आणि त्यांची दोन लेकरं. पौर्णिमा त्या घरात लग्न होऊन आली त्याला अपघाताच्या वेळी जेमतेम आठ महिने झाले होते.

धम्मदीप सकाळी सहाला कापसाच्या जिनिंगमध्ये कामाला जायचा आणि अंधारून आल्यावर परतायचा. म्हणजे मोनालीला खाटेवरून खुर्चीत, खुर्चीतून न्हाणीत, न्हाणीतून परत खुर्चीत आणि खुर्चीतून खाटेवर उचलायचं काम पौर्णिमाचं. दिवसातून चार-पाच वेळा, सहा वर्षं, दोन सिझेरियन झालेल्या पोटानं. ती काखेत हात घालून उचलायची. तोंडानं एक शब्द बोलायची नाही, पण नखं रुतायची. मोनालीच्या काखेत ते वळ मी पाहिलेत. आणि मोनाली मुद्दाम अंग ढिलं सोडायची, जास्त जड व्हावं म्हणून. हे तिनं स्वतः मला सांगितलं, लाज न वाटता.

एकदा असं उचलताना पौर्णिमानं तिला खाटेच्या काठावर अर्धवट टेकवलं आणि ती बाहेर निघून गेली. अर्धं अंग खाटेवर, अर्धं हवेत. मोनाली खाटेचा दांडा धरून लटकत राहिली. किती वेळ ते तिला माहीत नाही. अंगणातलं ऊन उंबरठ्यावरून आत आलं एवढं तिला आठवतं. पौर्णिमा आली, तिनं तिला नीट टेकवलं आणि म्हणाली की हात दुखत होते. दोघींनीही हे धम्मदीपला कधी सांगितलं नाही.

हे ऐकून मी तिला म्हटलं, आपण भावाशी बोलू, काही सोय करू. तिनं मला मध्येच तोडलं.

"मले चालायचं नाई मॅडम. मले तुमची दयाही नाई पायजे. मले फक्त वहिनीच्या हातातून सुटायचं आहे. थे कसं होते, तेवढं सांगा."

मग मी कागद बाजूला ठेवून तिच्या घरी जायला लागले. महिन्यातून दोनदा आमच्या दवाखान्याची गाडी त्या बाजूला जायचीच. तिथं काय आहे आणि काय नाही हे बघून व्यायाम बसवला. सायकलची जुनी ट्यूब खिडकीच्या गजाला बांधली आणि तिला ती छातीकडे ओढायला लावली. एक लिटरच्या दोन बाटल्या पाण्यानं भरून डोक्यावर उचलायच्या; जमायला लागलं की पाण्याऐवजी रेती. सुताराकडून लाकडाचे दोन ठोकळे करून घेतले, ते खाटेवर दोन्ही बाजूंना ठेवून त्यांवर हात टेकायचे आणि बूड उचलायचं. आणि सागाची एक फळी, घासून घासून गुळगुळीत केलेली, खाट आणि खुर्ची यांच्यामध्ये टाकायला. हातांत जोर आला की माणूस त्या फळीवरून घसरत स्वतःच इकडून तिकडे जाऊ शकतो.

मोनाली व्यायाम करायची तो शिव्या देत. ट्यूब ओढताना वहिनीला, बाटल्या उचलताना मला, आणि फळीवर हात घसरला की ट्रॉली चालवणाऱ्याला, जो कधीच गाव सोडून गेला होता. पौर्णिमा स्वयंपाकघरातून सगळं ऐकायची. एके दिवशी ती दारात येऊन उभी राहिली, हात पिठात भरलेले. मला वाटलं आता भांडण होणार. ती मला म्हणाली, "मॅडम, इले रोज किती वेळ कराले पायजे?" मी म्हटलं, दोन वेळा, अर्धा अर्धा तास. ती म्हणाली, "मी करून घेतो. जितकं लवकर शिकन, तितकी मी मोकळी."

आणि तिनं खरंच करून घेतलं. त्यात माया नव्हती. मोनालीनं सातव्या वेळेला हात टेकले की पौर्णिमा आठ, नऊ, दहा म्हणत समोर उभी राहायची, दावणीला बांधलेल्या बैलावर नजर ठेवावी तशी. मोनाली थांबली तर ती जेवणाचं ताट उशिरा आणायची. मोनालीही हट्टानं दहाचे बारा करायची आणि बाराव्याला वहिनीच्या डोळ्यांत बघायची. एकमेकींपासून सुटायचं, एवढ्या एका गोष्टीवर त्या दोघींचं एकमत होतं.

चार महिन्यांत जखम भरली. दंडांना आकार आला, खुर्चीत हातांवर बूड उचलता यायला लागलं. पण तिथून पुढे गाडी अडली. बाटल्यांनी खांदे मजबूत होतात, पण स्वतःचं साठ किलो वजन उचलून एका जागेवरून दुसरीकडे न्यायला पाठीचे आणि दंडाच्या मागचे स्नायू लागतात, आणि त्यांच्यासाठी वरून दांडा खाली ओढायचं मशीन हवं. ते मशीन आंजीत होतं. शाळेच्या बाजूला गावाची व्यायामशाळा आहे, पत्र्याच्या छताची. तिची किल्ली भैय्याजी मास्तरांकडे होती.

भैय्याजी निवृत्त पीटी मास्तर. पासष्टीचे, पण अंग अजून सरळ, पांढरे बूट रोज खडूनं घासलेले. त्यांच्या हाताखालून गावातली पाच-सहा पोरं पोलिसात आणि सैन्यात गेली होती, म्हणून त्यांच्या शब्दाला वजन होतं. ऑक्टोबरमध्ये मी आणि मोनाली त्यांना भेटायला गेलो. पौर्णिमा खुर्ची ढकलत होती. व्यायामशाळेच्या दाराशी तीन पायऱ्या होत्या. भैय्याजी वरच्या पायरीवर उभे राहूनच आमच्याशी बोलले.

आधी ते गोड होते. पोरीची जिद्द चांगली आहे म्हणाले. मग म्हणाले की ही शरीर घडवायची जागा आहे, दवाखाना नाही. पडली-झडली तर जबाबदारी कोणाची? मी सांगितलं की फक्त एक मशीन, अर्धा तास, सोबत घरचं माणूस राहील. ते म्हणाले की पोरं इथं उघड्या अंगानं व्यायाम करतात, बाईमाणूस आलं की त्यांचं लक्ष उडतं. मी म्हटलं, पोरं नसतील ती वेळ द्या. तेव्हा त्यांनी मान हलवली आणि हसत म्हणाले, "तुमच्या मोहल्ल्यात विहाराचा येवढा मोठा हॉल आहे ना? तिथं कराना. इथं कायले?"

विहारात मशीन नव्हतं हे त्यांना माहीत होतं. बोलण्याचा रोख मशीनवर नव्हताच. तिथं उभ्या असलेल्या सगळ्यांना तो कळला, मलाही कळला. मी ओठ उघडले आणि परत मिटले. आमच्या दवाखान्याला गावात काम करायचं होतं, मास्तरांशी वाकडं घेऊन चालणार नव्हतं, असं काहीतरी माझ्या डोक्यात आलं. परतताना रस्त्यात मोनालीनं चाकं हातानं धरून खुर्ची थांबवली.

"तुमी काऊन चूप राह्यल्या?"

पौर्णिमानं माझ्याकडे पाहिलंसुद्धा नाही. तिनं खुर्ची ढकलली आणि मी मागं चालत राहिले.

दुसऱ्या दिवसापासून मोनाली सकाळी सहाला व्यायामशाळेच्या पायरीसमोर जाऊन बसायला लागली. पौर्णिमा तिला तिथं सोडायची, खुर्चीचे ब्रेक लावायची आणि घरी निघून यायची. आठ वाजता परत न्यायला जायची. दोन तास मोनाली दाराकडे तोंड करून बसायची. पोरांना आत जायचं तर तिच्या खुर्चीला अंग घासून जावं लागे. ती कोणाशी बोलत नसे. फक्त दर पंधरा मिनिटांनी दोन हातांवर स्वतःला उचलायची, मोठ्यानं तीस आकडे मोजायची आणि खाली टेकायची.

पहिल्या आठवड्यात पोरं हसली. दुसऱ्या आठवड्यात त्यांनी तिच्या जागेवर मोटारसायकली लावून ठेवल्या. ती मोटारसायकलींच्या पुढे, रस्त्यावरच बसली, आणि दुधाच्या गाडीला वळसा घ्यावा लागला. मग कोणीतरी पायरीवर खडूनं एक शब्द लिहिला. तो शब्द इथं लिहिण्याजोगा नाही. त्या दिवशी पौर्णिमा आठला आली, तिनं तो वाचला, आणि घरून बादली आणून पायरी धुतली. मग आत जाऊन उरलेलं पाणी तिनं भैय्याजींच्या पांढऱ्या बुटांवर ओतलं. घरी जाताना मोनालीनं तिला म्हटलं की माझ्यासाठी हे करायची गरज नव्हती. पौर्णिमा म्हणाली, "तुह्यासाठी नाई केलं. त्या शब्दात माह्याही घरचं नाव येते."

जानेवारीच्या सव्वीस तारखेला ग्रामसभा होती. मी मुद्दाम सुट्टी घेऊन गेले. मोनालीनं अर्ज दिला होता. नंबर आला तेव्हा भैय्याजींनी उठून सगळं पुन्हा सांगितलं. सुरक्षितता, जबाबदारी, पोरांची भरती. दिव्यांगांविषयी आपल्याला किती आदर आहे तेही सांगितलं. मग मोनालीला माइक दिला.

"व्यायामशाळा गावाची आहे, असं बोर्डावर लिहिलं आहे. मी गावाची आहे का नाई, तेवढं मले लिहून द्या. नाई म्हणून दिलं तरी चालते. मी उद्यापासून येत नाई."

कोणीच लिहून देणार नव्हतं. सरपंचबाई कागद चाळत राहिल्या. मागून एक म्हातारी म्हणाली, देऊन टाका ना पोरीले, काय बिघडते. ठराव झाला की तीन पायऱ्यांच्या बाजूला रॅम्प बांधावा.

रॅम्प एप्रिलमध्ये झाला. मी तो जाऊन पाहिला. दोन फूट उंची चढायची तर खुर्चीसाठी चोवीस फूट लांब उतार लागतो. हा पाच फुटांत उरकला होता. लेकरांची घसरगुंडीच म्हणा. उद्घाटनाला भैय्याजींनी मोनालीला फोटोसाठी बोलावलं. ती गेली नाही. दोन दिवसांनी, मी नको म्हणत असताना, तिनं धम्मदीपला ढकलायला लावलं. अर्ध्यावर खुर्चीची पुढची चाकं उचलली गेली, त्याचा पाय सटकला आणि ती डोक्यावर पडली. चार टाके पडले. भैय्याजी बाहेर येऊन म्हणाले की मी आधीच सांगितलं होतं. आणि पंचायतीकडून नवीन नियम आला. डॉक्टर किंवा थेरपिस्टचं पत्र पाहिजे, सोबत घरची बाई पाहिजे आणि वेळ दुपारी बारा ते एक, जेव्हा तिथं कोणी नसतं.

या वेळी मी पत्र लिहिलं. दवाखान्यात वरिष्ठांना विचारलं नाही. लिहिलं की हा व्यायाम तिच्या जिवासाठी गरजेचा आहे, तो न केल्यास तिला पुन्हा जखमा होतील, आणि व्यायाम करताना ती पडली तर जबाबदारी माझी. खाली सही केली, पूर्ण नाव घातलं. मोनालीनं ते दोनदा वाचलं.

"हे तवाही लिहिता आलं असतं," ती म्हणाली आणि पत्र ब्लाउजमध्ये ठेवून दिलं.

वर्ध्याच्या मे महिन्यात दुपारी बारा वाजता पत्र्याखाली काय होतं ते सांगायला नको. लोखंडी दांडे हातात धरवत नव्हते. ती त्यांना ओली फडकी गुंडाळायची. रॅम्प वापरायचा नाही असं तिनं ठरवलं होतं. खुर्ची पायऱ्यांना चिकटवून आडवी लावायची, एक हात खुर्चीवर, दुसरा वरच्या पायरीवर, आणि स्वतःला खेचून पायरीवर बसवायचं. मग पुढची पायरी. निर्जीव पाय मागून ओढत आणायचे. खाली कातडी सोलू नये म्हणून मी तिला जुन्या मोटारसायकलच्या सीटचा फोम दिला होता, तो ती दर पायरीला आधी टाकायची. पौर्णिमा रिकामी खुर्ची रॅम्पवरून वर न्यायची आणि शेवटी तिला खुर्चीत उचलून बसवायची. तिथं तेवढंच उचलणं उरलं होतं, पण ते सगळ्यात अवघड, कारण जमिनीवरून होतं.

मी एकदा न सांगता गेले. मोनाली मशीनचा दांडा छातीपर्यंत ओढत होती, घामानं निथळत, आकडे मोजत. पौर्णिमा बाजूच्या बाकड्यावर ओला पदर तोंडावर घेऊन झोपली होती. दोघी महिनाभर रोज तासभर तिथं होत्या आणि एकमेकींशी दहा वाक्यंही बोलल्या नसतील. मी पौर्णिमाला विचारलं, तुला त्रास होत नाही का? ती म्हणाली की घरी झोपाले भेटत नाई, इथं भेटते. मग उठताना तिनं कमरेवर हात ठेवला आणि क्षणभर तशीच वाकून राहिली. मी ते पाहिलं. फिजिओथेरपिस्ट असून मी ते नुसतं पाहिलं.

सप्टेंबरमध्ये, सकाळच्या वेळी, मी त्यांच्या घरी असताना ते घडलं. मोनालीनं फळी टाकली, हात टेकले, आणि खाटेवरून खुर्चीत गेली. मग फळीही काढून टाकली आणि परत खाटेवर आली. मग जमिनीवर उतरली, ठोकळ्यांवरून एका बुटक्या स्टुलावर आणि स्टुलावरून खुर्चीत चढली. शेवटच्या वेळी दंडाच्या शिरा तटतटल्या होत्या आणि तोंडातून आवाज निघत होता, जनावरासारखा. पौर्णिमा दारात उभी होती.

"झालं?" तिनं विचारलं.

"झालं."

पौर्णिमा आत गेली. मला वाटलं होतं दोघींपैकी एक तरी रडेल. आतून भाकरी थापल्याचा आवाज आला. त्यानंतर आठ दिवस पौर्णिमानं मोनालीच्या खोलीत पाऊल टाकलं नाही.

दोन महिन्यांनी मोनालीनं घर सोडलं. धम्मदीपनं खूप समजावलं, लोक काय म्हणतील म्हणाला. ती म्हणाली की लोकांना म्हणू दे. तिनं वर्ध्याजवळ नालवाडीत तळमजल्यावर एक खोली घेतली, न्हाणीचं दार रुंद करून घेतलं आणि ऑनलाइन फॉर्म भरून देण्याच्या एका दुकानात नोकरी धरली. शनिवार-रविवारी सकाळी तिथल्या समाजभवनात ती चाकाच्या खुर्चीतल्या माणसांना व्यायाम शिकवायला लागली. ते आमच्याच दवाखान्यातून मी पाठवलेले. ट्यूब, बाटल्या, ठोकळे, फळी, तेच सगळं.

शिकवायची मात्र वहिनीसारखी. हिंगणघाटहून रूपराव नावाचे एक गृहस्थ यायचे, पन्नाशीचे, सरकी भरताना पाठीवर पोतं पडून पाय गेलेले. ते दमून थांबले की ती सगळ्यांसमोर त्यांना लागेल असं बोलायची. एक दिवस ते म्हणाले, "बाई, तुमचा राग कोनावर आहे थे मले माहीत नाई. पण थो मी नाई." आणि परत आले नाहीत. त्यांच्यामागे आणखी तिघं गेली. आठांची चार उरली. मी मोनालीला म्हटलं की थोडं सौम्य बोलत जा. ती म्हणाली की सौम्य बोलून आपल्या हाताला कधी जोर आला नाही, दुसऱ्याच्या हाताला कसा येतो ते आपल्याला माहीत नाही. ती खोटं बोलत नव्हती. पण रूपरावांना सहा महिन्यांनी जखम घेऊन आमच्या वॉर्डात भरती व्हावं लागलं, आणि ते मी तिला सांगितलं. पुढच्या रविवारी तिनं त्यांना फोन केला होता, असं त्यांच्या बायकोकडून कळलं. त्यांनी उचलला नाही.

गेल्या वर्षी पावसाळ्यानंतर पौर्णिमा माझ्या ओपीडीत आली, धम्मदीपच्या खांद्यावर लटकत. कमरेतली गादी सरकून नस दाबली गेली होती. वय चौतीस. काय झालं हे मला विचारावं लागलं नाही. सहा-सात वर्षं, दिवसातून चार-पाच वेळा, काखेत हात घालून वाकून उचललेलं वजन एमआरआयच्या फोटोत स्पष्ट दिसत होतं. नागपूरला ऑपरेशन झालं. घरी परतली तेव्हा तिला खाटेवर उठून बसता येत नव्हतं. तिची आई तिला दोन्ही हातांनी ओढून उठवायची आणि ती कळवळून ओरडायची.

"मोनालीले सांगू नका," तिनं मला बजावलं होतं. मी सांगितलं नाही. धम्मदीपनं सांगितलं.

मोनाली रिक्षा करून आंजीला गेली. त्या दिवशी मी तपासणीला तिथंच होते. ती स्वतः रिक्षातून खुर्चीत उतरली आणि थेट खाटेजवळ आली. 

"तमाशा पाहाले आली?" पौर्णिमा म्हणाली.

"हाव."

"तुह्यामुळंच हे. सात वर्षं उचललं मी तुले."

"मी म्हटलं नोतं तुले," मोनाली म्हणाली. मग जरा थांबून, तितक्याच कडक आवाजात, "आईले सांग ओढू नको म्हणून. ओढल्यानं टाके जातीन. कुशीवर व्हय. गुडघे वर घे. आता पाय खाटेखाली सोड. सोड म्हटलं ना. आता कोपर टेक अन् हातानं उठ. पाठ नाई, हात."

पौर्णिमानं तिला एक शिवी दिली. मोनालीनं परत सांगितलं, हात. तिसऱ्या वेळेला पौर्णिमा कोणाच्या मदतीशिवाय उठून बसली. चेहरा पांढरा पडला होता. मोनालीनं तिला तिथंच बसवून आकडे मोजले, तीसपर्यंत, आणि मग झोप म्हणाली. पाणी घेतलं नाही, चहाही घेतला नाही. रिक्षावाला बाहेर थांबला होता.

तेव्हापासून त्या दोघी बोलल्या नाहीत. पौर्णिमा आता घरातली कामं करते, पण वजन उचलत नाही. मागच्या महिन्यात धम्मदीप औषधं न्यायला आला तेव्हा सांगत होता की ती रोज तशीच उठते, कुशीवर होऊन, हातानं. शेजारणी विचारतात तर म्हणते की नागपूरच्या डॉक्टरनं शिकवलं.

मी ते मोनालीला सांगितलं. समाजभवनाच्या दारात शिरता शिरता ती म्हणाली, "डॉक्टरचं नाव सांगू दे तिले. माह्यं नाव त्या घरात कायले पायजे?" आत चार जण वाट बघत होते आणि एक नवीन बाई, जिचा नवरा खुर्ची धरून उभा होता. मोनालीनं त्याला बाहेर जायला सांगितलं.